देवकाबाईंचा हात

देवकाबाईंच्या हाताला यश आहे, असं समुद्रपूरच्या आसपासची चार गावं म्हणत, आणि कुणी म्हटलं नाही तर त्या स्वतः म्हणत. कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली. बेंबी सरकली की देवकाबाई. उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीवर दिवा, दिव्यावर पालथा तांब्या, मग तेलाचा हात. वीस वर्षांत त्यांनी कुणालाही डॉक्टरकडे पाठवलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना भारी तोरा.

शेजारच्या हेमराजच्या बायकोला, दिपालीला, त्यांनी वर्षभरात तीनदा बरं केलं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा यायचा. ती आडवी झाली, देवकाबाईंनी हात ठेवला, की आत जायचा.

आज दुपारी हेमराजने तिला धरून आणलं, तेव्हा ती दोनदा ओकली होती. बोट लागताच ती कळवळली. फुगा दगडासारखा घट्ट, वरची कातडी लालनिळी. देवकाबाईंचं धाबं दणाणलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पदराला उगाच हात पुसले.

हिला हिंगणघाटच्या मोठ्या दवाखान्यात ने, एवढं त्या म्हणाल्या. का, ते सांगायला जीभ रेटेना. आज हातात जोर नाही, असं काहीबाही पुटपुटल्या.

"मंग उद्या सकायी आनतो, काकू," हेमराज म्हणाला. "डॉक्टर तं सिद्दा कापते. माहा तुमच्यावरच भरोसा हाये."

तो बायकोला उठवू लागला. देवकाबाईंना स्वतःचाच संताप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण इथे पोरीचा जीव चालला होता. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हेमराज, म्या हिची बेंबी एकदाबी बसवली नाई. हे निजल्यावर थो फुगा आपोआपच आत जाये. म्या नुसता हात ठेवला."

हेमराज जीप आणायला पळाला.

संध्याकाळी ऑपरेशन झालं, दिपाली वाचली. बेंबीजवळच्या फटीत आतडं अडकलं होतं, याला हर्निया म्हणतात, उद्यावर टाकलं असतं तर आतडं सडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. असला फुगा दुखत नसला तरी तपासून घ्यावा, तो कधी अडकेल ते सांगता येत नाही.

सोबत आलेल्या देवकाबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. बेंबीशी फुगा घेऊन आलेल्या एकेक बाया त्यांना आठवू लागल्या. ज्या परत आल्या नाहीत त्या बऱ्या झाल्या, असं त्या वीस वर्षं धरून चालल्या होत्या.