एका पाण्याच्या जावा

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. सासऱ्यांनी जाताना सूत रंगवायचा कारखाना दोघींना मिळून ठेवला, आणि वर्ष सरायच्या आत एका तांब्याच्या हंड्यावरून दोघींचं असं वाजलं की मध्ये भिंत आली. तेव्हापासून बोलणं बंद. भिंतीच्या दोन्ही अंगांना सूत रंगायचं, आणि मागच्या एकाच ओढ्यावर दोघी ते धुवायच्या, एकमेकींकडे पाठ करून.

मग पाणीखात्यानं ओढा वरच अडवला. आता पाणी नळानं येणार, आणि धंद्यासाठी गल्लीत एकच जोडणी. साहेब थोरलीला म्हणाला, "बाई, तुम्ही जुन्या. तुमच्या रायव्हलचं रंगाचं पाणी रस्त्यावर येतं, अशी दोन ओळींची तक्रार द्या. नळ तुमचा."

थोरली घरी आली ती तो शब्द मनात घोळवतच. तिची मुलगी कॉलेजात लॅटिन शिकत होती. थोरलीच्या लेखी ते रिकामपणचे उद्योग. तरी जेवताना तिनं विचारलं, "रायव्हल म्हणजे वैरीच ना गं?"

"आता साधारण तसंच म्हणतात," मुलगी म्हणाली. "पण लॅटिनमध्ये रिवुस म्हणजे ओढा. त्यावरून रिवालिस. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी."

थोरलीचा घास हातातच राहिला. "मग त्यात वैर कुठून शिरलं?"

"पाणी कमी पडलं की शेजारी भांडतात. शब्दाला तेवढंच चिकटून राहिलं."

"इथं पाणी कमी पडलेलं नाही, कमी केलंय. आणि आम्ही कधी भांडायचं ते तो साहेब ठरवणार? माझ्या जावेशी मी भांडेन, मला हवं तेव्हा, मला हव्या त्या कारणावरून."

ती ताटावरून उठली, हात धुतला आणि थेट धाकटीच्या दारात गेली.

या-बसा काही नाही. "हंडा न्यायला आलात का, जाऊबाई?" धाकटीनं विचारलं.

"हंडा घाल चुलीत. तो पाणीवाला तुझ्याकडे आला होता?"

धाकटीनं मान खाली घातली. "आला होता. तुमच्याविरुद्ध लिहून मागत होता. लिहायला बसलेही होते. दोनदा कागद फाडला."

थोरली उंबऱ्यावरच टेकली.

दुसऱ्या दिवशी दोघी साहेबापुढे. अर्ज एक, नावं दोन.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाला.

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा," धाकटी म्हणाली.

"अहो, तुम्ही एकमेकींच्या रायव्हल ना?"

"आहोतच," थोरली म्हणाली. "एका पाण्याच्या शेजारणी. कोशात बघा, आम्ही थांबतो."

साहेब वैतागला. "अशानं दोघींनाही नळ मिळायचा नाही."

"नका देऊ. आम्ही तुमच्या हापिसातल्या नळावर धुऊ."

त्याला ती थट्टा वाटली. पण सकाळी पाहतो तर दोघी ओल्या निळ्या सुताचे पिळे घेऊन अंगणातल्या नळाशी बसलेल्या. शिपाई नळ बंद करी, धाकटी चालू करी, थोरली पिळत राही. निळं पाणी पायऱ्यांशी साचलं. भेटायला येणारे लोक चपला हातात घेऊन आत जाऊ लागले. दुपारी साहेबानं अर्जावर सही केली, दोन्ही नावांसकट.

नळ आला. पहिल्याच सकाळी पाळीवरून जावांचं कडाडून भांडण झालं, सारी गल्ली ऐकायला जमली. त्या दिवशी थोरली पोटभर जेवली.