आखाजीला कापलेली तार

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्यांनी आशीर्वाद द्यावेत, चिडू नये, असं म्हणतात. पण माझं ऐका, मग सांगा.

कारखान्यातून निघालो तो थेट साक्रीला आलो, जीवराम नानांच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात. डोंगराकडच्या पाड्यांवर कुणाची गाय अडली, बैलाचं पोट फुगलं, की मी खणखणायचो. नाना लगेच जनावरांच्या डॉक्टरांना मोटारसायकलवर पिटाळायचे. लोकांनी फक्त माझाच नंबर गोठ्यांच्या भिंतींवर कोळशाने लिहून ठेवला होता. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. नानांच्या सूनबाईंनी, मयुरीताईंनी, माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं होतं. तेव्हा माझी छाती अभिमानाने फुलायची.

पावसाळ्यात तारेत पाणी शिरलं की मी खरखरायचो, हे खरं. त्यामुळे नानांचा मुलगा हितेंद्र इंटरनेटवरचा फोन घ्यायचं म्हणाला, यात त्याचं काही चुकलं नाही. नव्या फोनवर आवाज स्वच्छ येतो आणि नंबरही तोच राहतो. माझा राग नव्या फोनवर नाही. राग आहे तो त्या घाईवर.

कारण हितेंद्रने दिवस निवडला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा!

"नाना, असा मुहूर्त पुन्हा वर्षभर नाही."

"आरे, इन्व्हर्टरनी बॅटरी बसेल शे," नाना म्हणाले. ती बॅटरी केव्हाच निकामी झाली होती.

"ती दिवाळीत बदलू."

झालं! भर उन्हाळ्यात, रोज वीज जाते त्या दिवसांत, नव्या फोनपुढे नारळ फुटला. मला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तारेनेच मिळायची. गावात अंधार झाला तरी मी वाजायचो. नव्या फोनला दुकानातली वीज लागते. हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही, पण मुहूर्त टळत होता ना! त्याच दिवशी माझी तार कापली आणि मला शोभेला फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वादळी वारा सुटला आणि वीज गेली. नाना, हितेंद्र आणि डॉक्टर बाकावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. आमरस कुणाकडे गोड झाला, याच्या गप्पा रंगल्या होत्या. पंखा बंद आहे म्हणून तिघेही कुरकुरत होते. पण फोनही बंद असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी फळीवरून सगळं पाहत होतो. ओरडायला मला आवाज उरला नव्हता.

दिवस कलताना पाड्यावरच्या कोकिळाअक्का दारात आल्या. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आल्या होत्या. पदर घामाने भिजलेला आणि हातात म्हशीचं दावं होतं.

"नाना, दुपारपासून फोन लाई ऱ्हायनू. रेंजसाठे टेकडीवर चढी चढी पाय गयात. पारडू आडकनं व्हतं. मनी म्हैस मरी गयी."

डॉक्टर उठून उभे राहिले. नानांनी बंद पंख्याकडे बोट दाखवलं.

"अक्का, लाईट नही ना..."

"मंग मी म्हैसले काय सांगू? लाईट येवालगुन थांब?"

दावं काउंटरवर टाकून त्या निघून गेल्या. त्या म्हशीच्या दुधावर त्यांचं घर चालत होतं. हितेंद्र दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी घेऊन आला. वरातीमागून घोडं! दिवाळीपर्यंत थांबणार होता ना?

मित्रांनो, मला पुन्हा जोडा असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले, हे मला कळतं. नवं जरूर आणा. पण आधी दुकानाची वीज मुद्दाम बंद करा आणि बाहेरून फोन लावून पाहा. तो वाजला तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जुन्याला शेजारी राहू द्या. मग खुशाल तार कापा. तो दिवस अमावास्येचा असला तरी चालेल.

परवा डॉक्टर त्या पाड्यावरून परतले. नानांनी कोकिळाअक्कांची चौकशी केली. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "अक्कांनी गोठा सारवला. भिंतीवरच्या आपल्या नंबरावरूनही शेणाचा हात फिरवला."

मित्रांनो, तो नंबर माझा होता.