शेटच्या चिखलातली सभा

लहानीच्या नवऱ्याला, बुधूला, पोलिसांनी धरून मुरबाडच्या ठाण्यात नेलं ते उंबराखाली उभा राहून बोलला म्हणून. शेटच्या शेतावर फुकट राबायचं नाही, वेठ बंद, एवढंच तो पाचसहा जणांना सांगत होता. मुरबाडकडच्या पाड्यांवर तेव्हा जमावबंदी होती. त्याच दिवशी दामूशेटच्या ओट्यावर वीसेक गडी लाठ्या घेऊन बसले होते, आणि हवालदार त्यांच्यातच बसून चहा पीत होता. त्याला जमाव म्हणायचं नाही बरं का! मोठा शहाणा कायदा, माणूस बघून डोळे मिटायचा.

लहानीचा संताप संताप झाला. बुधूची अर्धी राहिलेली सभा पुरी करायचीच, हे तिनं पक्कं केलं. पण पाडा जमवायचा कुठं? चार माणसं बोलत उभी राहिली तरी शिपाई हजर व्हायचा.

जागा शेटनंच दिली. भातलावणीला त्याचा गडी पाड्यावर ओरडत आला, "उद्या समद्यांनी वेठीला यायचा. घरी कोन ऱ्हायचा नाय."

"समद्यांनी?" लहानीनं विचारलं.

"समद्यांनी."

"येतो की," ती म्हणाली, आणि रात्रीत घरोघर निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा शेटच्या चिखलात उभा. बांधावर छत्री धरून हवालदार, राखणीला. लहानीनं कंबर सरळ केली आणि भाताचं रोप हातात उंच धरलं. रोप धरून कणसरीची, धान्याच्या देवीची, आण घेतली की पाड्यावर ती कुणी मोडत नाही.

"आजपास्नं वेठ नाय! कणसरीची आण!"

म्हाताऱ्या लखमानं रोप उचललं. मग बाळीनं, मग सगळ्यांनीच.

"सभा करता?" हवालदार खेकसला. "जमावबंदी आहे! पांगा!"

"बरं," लहानी म्हणाली. रोपांच्या जुड्या खाली टाकून माणसं बांधावर चढली.

शेट धोतर सावरत धावला. "अहो, पांगवता काय? माझी लावणी!"

"थांबा! कोणी जायचं नाही!" हवालदार ओरडला.

"जमायचा का पांगायचा, येकदा काय ता सांगा," लहानी म्हणाली.

हवालदारानं तिचा दंड धरला. "हीच म्होरकी. चल मुरबाडला."

ती घाबरली, खोटं कशाला सांगा. तरी ती चालू लागली. थोड्या वेळानं मागून पावलं वाजली. सगळा पाडा येत होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"मागं फिरा! एकेकाला आत टाकीन!"

"टाका ना," लखमा म्हणाला. "आण समद्यांनी घेतलीय. कायदा हाय तर समद्यांना लावा."

हवालदारानं त्या रांगेकडं पाहिलं. तिचं शेवटचं टोक अजून शेताच्या बांधावरच होतं. लहानीच्या दंडावरचा त्याचा हात सैल पडला. तिनं तो झटकला, पण ती पाड्याकडं वळली नाही. मुरबाडच्या वाटेला लागली.

"चला," ती म्हणाली, "बुधूला आनू."