बायजाबाईच्या लुगड्याची झापड

मी एक जुना, लांब नाकाचा ट्रक आहे. मोहाडीत बाभळीखाली उभा असतो आणि कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात. पण मित्रांनो, तरुणपणी माझा हॉर्न वाजला की वैनगंगेतले मासे पुलाखालून बाजूला सरकत! हसू नका. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा लोक म्हणाले की साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. कसली रेघ? ती माझ्या टायरची खूण होती. साहेबांनी तिच्यावरून नुसती शाई फिरवली.

माझी केबिन भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीने सागाच्या लाकडात बांधली. त्याने बाकडं केलं, बुद्धाच्या मूर्तीसाठी कोनाडाही केला. पण पुढच्या काचेवर ऊन अडवणारी झापड लावायची तेवढी राहून गेली.

माझा मालक परसराम स्वतःच मला चालवायचा. सकाळी मोहाडीहून भंडाऱ्याला यायचं, तिथून साकोलीकडे वळायचं, एकोडीला धान भरायचं आणि संध्याकाळी परत भंडाऱ्याच्या गिरणीत उतरवायचं. जाताना उगवता सूर्य समोर, येताना मावळता सूर्य समोर. ऊन आमच्या पाळतीवरच असायचं म्हणा ना! तरी परसरामने धानाचा एक दाणा रस्त्यावर सांडू दिला नाही. गिरणीवाले म्हणायचे, "परसरामची गाडी आली, आता घड्याळ लावा."

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. तो गाडी मागे घेताना भिंतीला टेकवू लागला. शेवटी एका संध्याकाळी त्याने मला रस्ता सोडून थेट धानाच्या शेतात, बांधीत उतरवलं. शेताच्या कडेची, धुऱ्यावरची तूर माझ्या चाकाखाली आडवी झाली.

"ऊन डोळ्यात गेलं," तो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. उन्हाशी माझं जुनं वैर होतं, मला पटायला वेळ लागला नाही.

त्याची बायको बायजाबाई मात्र कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "झापडा लावून घ्या. त्याच्यावरही गाडी बांधीत उतरली, तं चाबी माह्याजवळ राहीन."

परसराम हसला. "चाबी घेशीन अन् मले काय कोंबड्या राखाले बसवशीन?"

गाडी हातातून जाईल याची त्याला भीती होती. हसताना त्याने स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं. ते फक्त मला कळलं.

गाद्या शिवणारा टेकचंद आला. मोडीत निघालेल्या एका बसच्या दोन झापडा त्याने आणल्या होत्या. फाटक्या रेक्झिनऐवजी बायजाबाईने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं कापड दिलं.

"वयनी, लिंबू-मिरची बांधू का?" टेकचंदने विचारलं.

"नोको. तुहे स्क्रू घट्ट बांध, तेवढं पुरे."

माझ्या सागात छिद्रं पडली. दुखलं, पण म्हातारपणी कोणी नटवत असलं की दुखणं गोड लागतं. डावीकडची झापड बसली. उजवीकडची, म्हणजे परसरामच्या बाजूची, अजून बायजाबाईच्या मांडीवर होती. ती शेजारी बसून तिची शेवटची शिवण घालत होती. इतक्यात परसराम घाईघाईने चढला आणि स्टिअरिंग धरून समोर पाहू लागला.

"कशी वाटते, परसरामभाऊ?" टेकचंदने खालून विचारलं.

"वा रे टेकचंद! ऊन पार गायब. रस्ता आरशासारखा दिसून राहिला!"

बायजाबाईची सुई थांबली. कलतं ऊन परसरामच्या तोंडावर सरळ पडलं होतं. त्याच्या पापण्या मिटत नव्हत्या. त्याची झापड तिच्या मांडीवर होती.

बायजाबाईने पुढे वाकून चाबी काढली आणि पदराला बांधली. मग नवऱ्याचा हात धरून मांडीवरच्या कापडावर ठेवला. परसरामने ते कापड चाचपलं. त्याला कळलं.

"कव्हापासून?" तिने विचारलं.

"बाजूनं दिसणं कमी कमी होत गेलं. सांगतलं असतं, तं गाडी गेली असती ना."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आणायला हवं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी ऊन लागतं, दिवा मंद आहे, चष्माच खराब आहे असं वारंवार म्हणालं, तर उन्हाला शिव्या देत बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. आम्हा सगळ्यांना आधी उन्हाचाच राग आला, आणि तेवढ्यात त्याचे डोळे गेले.

दुसरी झापड टेकचंदने लावलीच. परसरामनेच आग्रह धरला. आता रोज संध्याकाळी तो कोंबड्यांना हुसकून सीटवर बसतो, हाताने चाचपून झापड खाली ओढतो आणि त्या हिरव्या कापडावर बोटं ठेवतो. बायजाबाई शेजारी बसते.

"ऊन बुडालं का वं?" तो विचारतो.

बाहेर दिवे लागलेले असतात. कोंबड्याही डालग्यात गेलेल्या असतात.

"नाही अजून," ती म्हणते. "बसा घडीभर."

मी जन्मभर थापा मारल्या, मित्रांनो. पण अशी थाप मला कधी जमली नाही.