भोक क्रमांक चार : खाली

भोक १. दुकानाच्या पाटीमागे. खडूने लिहिलं : बंद करा.

रागाची सुरुवात कुठून करायची कळत नाही, म्हणून भोकांपासून करते. आमच्या घराला चार होती. बुधवाऱ्यात, हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या आमच्या पेठेत, खाली नवऱ्याचं साड्यांचं दुकान, वर आम्ही. आमच्या हॉलवर पत्रे, पत्र्यांच्या आत पीओपीचं नवं छत, आणि मधल्या हातभर पोकळीत एक उदमांजर. गल्लीत त्याला कबर बिज्जू म्हणतात. थडगी उकरून मुडदे खातं म्हणे. आमच्याकडे ते पपया खायचं आणि बिया दुकानाच्या पाटीवर टाकून जायचं. गिऱ्हाईक वर बघून नाक धरायचं. घालवायला हवं होतं, हे मलाही मान्य होतं.

सासऱ्यांचं म्हणणं, भज्यात औषध घालून ठेवू.

मी म्हटलं, नाही. कुठल्या भोकातून जातं-येतं ते बघायचं. बाकीची बुजवायची. जाण्यायेण्याच्या भोकावर बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप लावायची. बाहेर पडेल, आत येता येणार नाही, दुसरीकडे घर बघेल. कोणाला मारायचं नाही.

भोक २. पाइपाशेजारी. बंद करा.

हे भोक उंदराला पुरेल एवढंही नव्हतं. तरी लिहिलं. मी नीट काम करणारी बाई आहे.

सासरे, दिगंबर गुरुजी, यांनी इथल्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "बाबा, लोणच्याची बरणी खाली झाली."

"रिकामी झाली," ते म्हणाले. "खाली म्हणजे वर-खालीतलं खाली. हिंदीतलं खाली हिंदीत ठेव. मास्तरीण ना तू?"

अकरा वर्षं हे ऐकतेय. हसले.

मग तेच म्हणाले, "वर कुईकुई चालते दिवसभर. माझ्या डोक्यावरच."

"पिल्लं आहेत. डोळे उघडायचेत अजून. ती चार नंबरच्या भोकाखालीच आहेत, चालायला लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि झडपही नाही."

"हं," ते म्हणाले.

हे हं विसरू नका.

भोक ४. (तीन नंतर सांगते.) पत्र्याचा कोपरा. लिहिलं : खाली.

पिल्लं खाली. पिल्लं हा शब्द लिहिला नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. नवरा, रोहित, सुरतला माल आणायला गेला होता. घरात सगळे म्हणजे मी आणि ते.

मंगळवारी दीडला शाळेतून आले. एप्रिल. पत्र्याकडे बघवत नव्हतं. दुकानासमोर माणसं जमलेली, आणि पाटीवर, टळटळीत उन्हात, उदमांजर बसलेलं. दिवसा ते दिसत नाही. दिसलं म्हणजे काहीतरी मोडलेलं असतं. कोणीतरी त्याला चप्पल मारली. ते हललं नाही.

भोकं बुजवायला बोलावलेला कौतिक मिस्त्री शिडीवर थापी धूत होता.

"झालं ताई. चारी भोकं पॅक."

"चारी?"

"तीन नंबरला गुरुजींनी सांगितली तशी तुमची झडप लावली. ठोकठोक चालू केली तं बिज्जू तिथूनच भागला. मस्त चालते झडप. वापस यायला किती धडपडला, पण नाही जमलं त्याला."

"चार कोणी सांगितलं?"

"मी अनपढ माणूस. गुरुजींना विचारलं, काय लिखा है. ते म्हणे, खाली लिखा है. मी म्हटलं, खाली आहे तं भरून देऊ का. ते म्हणे, दे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "खाली नव्हतं का ताई?"

त्याच्यावर ओरडले नाही. त्याच्यावर ओरडणं सोपं होतं.

वर गेले. बाबा दिवाणावर पेपर वाचत होते. डोक्यावर आवाज नव्हता.

"बाबा, खाली म्हणजे काय?"

"आता भांडणार तू."

"अर्थ विचारतेय."

"इथे लोक दोन्ही अर्थानं वापरतात, मृणाल." पेपर खाली आला नाही. "गावच असं आहे."

छत्तीस वर्षं. अकरा वर्षं. आणि आज गाव असं आहे.

"तुम्ही कुईकुई ऐकली होती."

"जनावरासाठी घरात तमाशा नको."

मी कौतिकची हातोडी आणली.

भोक ५. हॉलच्या छतात. खडूने काही लिहिलं नाही.

वरचं सिमेंट ओलं होतं, पण तापलेल्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. आणि पिल्लं खाली होती, म्हणून खालून फोडलं. स्टूल दिवाणावर ठेवलं. पहिल्या घावाला भेग, तिसऱ्याला परातीएवढा पीओपीचा तुकडा बाबांच्या पेपरवर. ते भिंतीला चिकटून उभे राहिले. "वेडी झालीस का," म्हणाले. चौथ्या घावाला आतली हवा तोंडावर आली. भट्टीसारखी.

हात घातला. तीन होती. दोघांचं पोट हलत होतं. तिसऱ्याचं नाही. तिसरं तळहाताएवढं, ऊबदार, पण ती ऊब पत्र्याची होती. मी ते त्यांच्या पेपरवर, चुऱ्यात ठेवलं.

ते बघेनात.

"बघा," मी म्हटलं. "दिवसभर तुमच्या डोक्यावर होतं."

भोक ३. बाथरूमच्या झरोक्यावर. लिहिलं होतं : झडप, नंतर.

कौतिकने न सांगता झडप उचकटली. दोन पिल्लं जुन्या साडीत, टोपलीत, बाथरूममध्ये झरोक्याखाली सावलीत ठेवली. बाथरूमचं दार लावलं आणि बाहेर स्टुलावर बसले. खाली गर्दीला कंटाळा आला, पांगली. दिवे लागायच्या सुमारास टोपली खरवडल्याचा आवाज आला. मग शांत. मग पुन्हा. दोनदा. तिसऱ्यांदाही उदमांजर आलं. टोपलीत बराच वेळ हुंगत राहिलं. तो आवाज दारातून ऐकू येत होता. बाबाही माझ्या मागे उभे होते, ऐकत होते.

मी दार उघडलं. टोपलीत नुसती साडी होती.

"गेलं का सगळं?" ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण मला दया आली नाही. "आता तरी... म्हणजे वर आता..."

शब्द त्यांना सापडेना. सापडत होते, दोन सापडत होते : रिकामं आणि खाली.

मी त्यांचा हात धरून त्यांना हॉलमध्ये आणलं, पाचव्या भोकाखाली उभं केलं, हातात खडू दिला.

"लिहा, गुरुजी," मी म्हटलं. "उद्या कौतिक हे भरायला येणार आहे. वर काय आहे ते लिहा."

खडू त्यांनी भिंतीला टेकवला. टेकवून ठेवला.

मी बसून आहे.