खुर्च्या मांडणारा

ते पत्र महिनाभर टेबलाच्या काचेखाली पडून होतं आणि प्राध्यापकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहिणारा त्यांचा जुना सहकारी, आता नावाजलेला मानसशास्त्रज्ञ. 'माझ्या सत्काराला नक्की ये. पहिल्या रांगेत बस. तुझे जाहीर आभार मानायचे आहेत.'

आभार त्याने एकदा मानले होतेच. माणसं टाळ्या का वाजवतात, यावर प्राध्यापकांनी तरुणपणी एक प्रयोग रचला होता. भाषण संपलं की पहिल्या क्षणी जो तो आजूबाजूला बघतो. तेव्हा सगळ्यांच्या नजरेत येतील अशा नेमक्या चार खुर्च्यांवर आपली माणसं बसवायची. ती हात बांधून बसली तर सभागृहही गप्प राहील. प्रयोग अर्ध्यावर असतानाच सहकाऱ्याने तो परस्पर स्वतःच्या नावावर छापला आणि पुस्तकाच्या शेवटी लिहिलं, 'खुर्च्या मांडायला मदत केल्याबद्दल आभार.' त्या पुस्तकावर तो विभागप्रमुख झाला. प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या मुलांना व्याख्या लिहून देता देता निवृत्त झाले. भांडायला तोंड उघडेना. शिवाय मनात किडा होताच: उरलेले आकडे त्याने मनचे तर घातले नसतील?

"मग त्याच्या सत्कारातच करून बघा ना," बायको म्हणाली. "किती वर्षं चरफडत बसणार?"

मेहुण्याला तर हर्षवायूच झाला. "छान कपडे घालायचे, गार हॉलमध्ये बसायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही! भावोजी, माझा जन्म याचसाठी झालाय."

"हसायचं नाही. हात मांडीवर."

"आणि लोकांनी वाजवल्याच तर?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "तर माझं जे चोरीला गेलं, ते पितळच होतं."

मेहुणीलाही सोबत घेऊन चौघं सत्काराला लवकर गेली. प्राध्यापक स्वतः पहिल्या रांगेत मधोमध, बायको डाव्या वाटेच्या कडेला, मेहुणा उजव्या, मेहुणी मधल्या रांगेत.

सहकारी झकास बोलला. शेवटी हात पसरून म्हणाला, "आणि हे समोर बसलेत माझे मित्र. माझ्या प्रयोगाच्या खुर्च्या यांनीच मांडल्या बरं का!" लोक हसले. तो वाकला.

प्राध्यापकांचे हात सवयीने वर आले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाजलेले हात ते! त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले.

मागे कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या. मग त्याचं लक्ष कडेला ताठ बसलेल्या प्राध्यापकांच्या बायकोकडे गेलं आणि त्याने घाईने खिशातला रुमाल शोधायला घेतला. नंतर काहीच नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. माईक तेवढा गुणगुणत होता.

सहकारी अजून हसत होता. मग त्याची नजर फिरली: डावी कड, उजवी कड, मधली रांग. शेवटी मधोमध येऊन थांबली. त्या चार जागा नेमक्या कुठल्या, हे पुस्तकातही छापलेलं नव्हतं; ते फक्त प्राध्यापकांच्या मूळ आराखड्यात होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. प्राध्यापकांनी पोटभर पाहून घेतलं.

घरी जाताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, आता तरी वाजवू का? हात शिवशिवतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकांनी कागद ओढला. 'प्रिय मित्रा, तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण प्रयोग पुरा करायचा राहिला होता. काल केला. निष्कर्ष बरोबर आहे. या वेळी खुर्च्या तू मांडल्यास, त्याबद्दल आभार.'

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी पाकीट टाकलं, आणि ते तळाला आपटल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.