तीन पायऱ्यांचा कठडा

आजोबांची निळी टोपी कपाळावर जरा तिरकी बसवून ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, घसा खाकरला आणि आजोबांच्याच ठसक्यात म्हणाली, "लग्न नवं नवं होतं. ही चालताना पायऱ्यांकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून माझ्याकडे बघतच नाही."

इथे थांबायचं. लोक हसतील, ते हसू ओसरू द्यायचं, मग पुढचं वाक्य.

"ती टोपी काढ आधी."

ती दचकली. आत्या दारात कधी येऊन उभी राहिली ते तिला कळलंच नव्हतं. या घरात असं होत नसे. इथे गुणगुणल्याशिवाय कुणी कुठल्या खोलीत पाऊल टाकत नसे. बाबा घशातल्या घशात, आत्या किल्ल्या खुळखुळवत, आणि आजोबा तर खुल्या आवाजात, सुरांशी कसलंही देणंघेणं नसल्यासारखे. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे माणूस मागाहून येतो, बँड आधी येतो. आजोबा गेल्यापासून मात्र सगळे पावलं न वाजवता वावरत होते. चमचा पडला तरी बाबा वळून बघत.

"आजोबाच घालायचे मला टोपी," ती म्हणाली.

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आणि शोकसभेत तू विनोद सांगणार?"

"आजोबा असते तर त्यांनीच सांगितला असता."

"आजोबा असते तर शोकसभा कशाला ठेवली असती?"

यावर दोघींनाही हसू येऊ घातलं. आत्याने ओठ घट्ट मिटले, टोपी काढून घेतली आणि तिच्या काठावरची नसलेली धूळ पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "जा, आजीच्या बाहीचं बटण लावून दे. तिला एकटीला जमत नाही."

सभेत घरातर्फे कोण बोलणार हा प्रश्न निघाला तेव्हा बाबांनी मान खाली घातली होती आणि आत्याने नाकाला रुमाल लावला होता. "मी बोलते," असं तीच म्हणाली. लहानपणी ती इतकी गप्प असायची की हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचे कान लाल व्हायचे. आजोबांनी तेव्हाच तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. "आमचा भोंगा आहे हा, फक्त अजून बटण दाबलेलं नाही," असं ते शाळेच्या बसमध्ये सगळ्या पोरांसमोर सांगायचे. सैन्यात ट्रक चालवून आलेला हा माणूस पुढे सारा जन्म शाळेची बस चालवत राहिला. पोरं त्यांना कप्तान म्हणत. खरा हुद्दा विचारला की म्हणायचे, "बाहेर कप्तान, घरात शिपाई." यंदा वक्तृत्वात भोंग्याचा पहिला नंबर आला तेव्हा शाळेच्या फाटकापाशी बस उभी करून त्यांनी इतका वेळ हॉर्न वाजवला की मुख्याध्यापक बाहेर आले. आज ते सगळं फेडायचं होतं. लोकांच्या डोळ्यांपुढे आजोबा जिवंत उभे करायचे होते.

आजी पलंगाच्या कडेवर बसली होती. उजवं मनगट वाकत नसल्यामुळे डाव्या बाहीचं बटण तिला लावता येत नसे. ते काम आजोबांचं. भिंतीशी पाठ करून, दाराकडे तोंड करून ठेवलेली त्यांची खुर्ची रिकामी होती. ती हलवलेली कुणाला चालत नसे.

बटण लावता लावता भोंग्याने भाषण सांगून टाकलं. "सुरुवातीला बस, हॉर्न आणि पायऱ्यांचा विनोद. मग गाण्याचं. घरातल्या प्रत्येकाला गात दारातून यायला कसं शिकवलं, ते. इतका आनंदी माणूस होता, असा शेवट."

"चांगलं आहे," आजी म्हणाली. "तो विनोद तेवढा नको."

"अगं, तोच तर हिट आहे."

आजीने बाही खाली ओढली. "मी पायरीवरून पडले नव्हते."

भोंग्याचा हात बटणावरच राहिला.

"हे लढाईहून परत आले, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खिडकीपाशी दाढी करत होते, पाठमोरे. मी मागून गेले आणि डोळे झाकले. पोरखेळ, दुसरं काय. कोण आहे ते कळायच्या आत यांनी हात पिरगळून मला भिंतीवर आपटलं होतं. मग मान वळवून बघितलं, तर मी. दवाखान्यात मीच म्हणाले, पायरीवरून पडले. हे शेजारी उभे, तोंडातून शब्द नाही. घरी आलो तर पायरीवर बसून राहिले. आत येईनात. म्हणाले, तू आत राहा, मी बाहेर बरा."

"मग?"

"मग काय. मी स्वयंपाकघरातून गुणगुणत आले. म्हटलं, हे बघा, मी येते आहे, ऐकू येतंय ना? मग झालं तर. तेव्हापासून मी गात फिरायला लागले. मी एकटीच गायला लागले तर सासूबाई विचारतील, म्हणून यांनीही सूर लावला. म्हणजे तू ऐकलाच आहेस तो सूर. मग तुझे बाबा, आत्या. पोरांना वाटलं, घराची रीतच आहे."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार हलकेच लावलं.

"म्हणजे आनंदी होते, ते खोटं?"

"वेडी का गं तू? आधी गाणं आलं. आनंद नंतर आला, पण आला. मी डोळ्यांनी बघितलाय येताना."

"आणि विनोद?"

"तोही माझाच. शेजारणीने खोदून विचारलं, तेव्हा पटकन सुचला. तो ऐकून हे हसले, लढाईहून आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनीच घेतला तो सांगायला. पण सांगून झालं की माझ्या मनगटावर हात ठेवायचे, बघितलंस ना? तुम्हाला वाटायचं, म्हातारा लाडात आलाय." आजी स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. "आता तो हात नाही. म्हणून तो विनोद नको. खरं सांगायचं असेल तर सांग, मी अडवणार नाही. तुझ्या बाबांना न् आत्याला यातलं काही माहीत नाही, एवढं ध्यानात ठेव."

सभागृह भरलं होतं. बसमधून शाळेत गेलेली पोरं आता टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, भिंतीला टेकून उभी होती. भोंगा बोलायला उठली आणि पहिल्याच वाक्याला तिचा आवाज लागला. बसबद्दल ती बोलली, हॉर्नबद्दल बोलली. विनोदाची जागा आली तशी ती तिथून पाय उचलून पलीकडे गेली.

मागच्या रांगेतून ट्रकवाले काका ओरडले. आजोबांबरोबर सैन्यात ट्रक चालवलेले, कानाने अधू, म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलत. "अगं पोरी, पायऱ्यांचं सांग की. कप्तानाचा तो विनोद."

"हो, सांग सांग," दोनचार जण म्हणाले. लोकांना हसायला निमित्त हवंच होतं. पहिल्या रांगेत बाबासुद्धा आठवड्यात पहिल्यांदा जरासे सैलावले. त्यांच्या शेजारी आजीने उजवा हात शालीत ओढून घेतला.

भोंग्याच्या जिभेवर दोन्ही गोष्टी आल्या. एक सांगितली असती तर सगळे हसले असते. दुसरी सांगितली असती तर सभागृहात टाचणी पडल्याचं ऐकू आलं असतं, आणि असलं भाषण पुन्हा कुणी कधी विसरलं नसतं. हे तिला कळत होतं. पहिल्या नंबराची भाषणं कशी असतात ते तिला ठाऊक होतं.

"तो विनोद आजोबांचा होता, काका," ती म्हणाली. "तो त्यांच्याबरोबर जाऊ दे. मी कठड्याचं सांगते."

लोक थोडे हिरमुसले.

"आमच्या दाराला मोजून तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना लोखंडी कठडा आहे, आजीचं मनगट मोडल्यावर आजोबांनी बांधलेला. एवढा दणकट की त्याला बस बांधून ठेवावी. आजोबा दरवर्षी तो हिरवा रंगवायचे. जितका रंग कठड्याला, तितका बुटांना. खालच्या सळया माझ्या वाटणीच्या, कारण मी बुटकी. एकदा मी कंटाळून म्हटलं, आजोबा, गेल्याच वर्षी रंगवला की, अजून चकचकीत आहे. तर म्हणाले..." तिने पहिल्या रांगेत आजीकडे बघितलं. तेव्हा आजोबा हसत म्हणाले होते, आणि तीही हसली होती. "म्हणाले, बांधायला उशीर केला मी. रंगवायला तरी नको."

लोक हसले. मायेने, हळू हसले. बाबा हसले, आत्या डोळे पुसत हसली. आजी हसली नाही. तिने मान वर केली आणि नातीकडे बघत राहिली. मग शालीतून हात काढून तिने तो मांडीवर उघडा ठेवला.

संध्याकाळी घर पुन्हा गप्प झालं. चहाचा कप घेऊन भोंगा आजीच्या खोलीपाशी आली आणि उंबऱ्यावर थबकली. आजोबांची खुर्ची भिंतीपासून ओढून खिडकीकडे फिरवलेली होती. आजी तिच्यात बसली होती, दाराकडे पाठ करून, बाहेरच्या उजेडाकडे बघत.

आता या घरात कुणालाच आपण येत असल्याचं कळवायची गरज नव्हती. बाबा मधल्या खोलीतून बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

भोंग्याने एक श्वास घेतला आणि आजोबांचं गाणं सुरू केलं, त्यांच्याइतकंच बेसूर.

आजी वळली नाही. खुर्चीच्या हातावर तिची बोटं ठेका धरू लागली, नेहमीसारखाच, चुकीच्या जागी.